लीव्हिंग सर्टचं ऊन

काल सकाळी बर्नीने कुंपणापलीकडून हाक मारली. बर्नी म्हणजे आमची शेजारीण, पंच्याहत्तरीची, आणि हवेबद्दल बोलल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. कपडे वाळत घालता घालता तिने तोंडातला चिमटा काढला आणि वर बोट दाखवून म्हणाली, "लुक ॲट दॅट! लीव्हिंग सर्ट वेदर!" मी बघितलं. खरंच, आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. दर जूनला येतं तसं मला हसू आलं.

लीव्हिंग सर्ट म्हणजे इथली बारावी. बोर्डाची परीक्षा. वर्षभर पावसात भिजत पडलेल्या या आयरिश मुलखात जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरं परीक्षेला बसली की नेमकं ऊन पडतं, असा इथल्या माणसांचा ठाम समज आहे. हवामान खात्याचं मत मी विचारलेलं नाही. पण सोळा वर्षं ॲथलोनमध्ये काढल्यावर माझाही त्यावर विश्वास बसलाय. शॅनन नदीच्या काठावर लोक निम्मे कपडे काढून लालबुंद होईपर्यंत बसतात, कुंपणांवरचा पांढरा मोहोर गळून रस्त्याच्या कडेला साचतो आणि गावाबाहेर गुरांसाठी गवत कापायला सुरुवात होते. त्या ओल्या गवताचा गोडसर वास खिडकी उघडली की थेट स्वयंपाकघरात येतो. आणि आत, शाळाशाळांच्या हॉलमध्ये, पोरं खाली मान घालून लिहीत असतात.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये त्यांच्यात माझी लेक सई होती.

मी नागपूरची. माझ्या परीक्षा मार्चमधल्या, कूलर बाहेर काढायच्या दिवसांतल्या. आमच्याकडे अभ्यास म्हणजे पहाट. चार वाजता उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, आई चहाचा कप पुस्तकाशेजारी ठेवून न बोलता निघून जायची. साडेसहाला ऊन अंगणात आलं की निम्मा धडा पाठ झालेला असायचा. पुढे मी नऊ वर्षं एका क्लासमध्ये गणित शिकवलं, आणि तिथल्या पोरांनाही पहाटे उठवल्याशिवाय सोडलं नाही. नवऱ्याच्या, अजितच्या, नोकरीमुळे इथे आले तेव्हा सई पाच वर्षांची होती. काही वर्षांनी मी घरीच शिकवणी सुरू केली. शिकवणीला इथे ग्राइंड्स म्हणतात. म्हणजे दळण. शब्द ऐकून मला पहिल्या दिवशीच घरच्यासारखं वाटलं. आजही आमच्या जेवणाच्या टेबलावर संध्याकाळी चार आयरिश पोरी बीजगणित दळत असतात.

सई सहा वर्षांची असताना एकदा तिला ताप आला. चार दिवस उतरेना. पाचव्या दिवशी वरणभात भरवताना तिने चमच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "खिडकी काढ." मला आधी गंमत वाटली. मग तिने ताटाला मांजर म्हटलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोण हे तिला आठवत नाहीये. दुपारपर्यंत तिला मोठी फिट आली आणि ॲम्ब्युलन्सने आम्ही डब्लिनच्या हॉस्पिटलात पोचलो. एन्सेफलायटिस. मेंदूला सूज. एक महिना आम्ही तिथे होतो. ती घरी आली तेव्हा बुटाची नाडी बांधायला विसरली होती, मांजराचं चित्र पाहून मांजर म्हणत होती, आणि त्या एवढ्याशा गोष्टीवर मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. संपलं, असं मला वाटलं.

आठ महिन्यांनी झटके सुरू झाले. खेळता खेळता ती थांबायची. नजर कुठेतरी लागायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे, उजवा हात बाही चिमटत राहायचा. कधी तेवढ्यावर निभायचं, कधी सगळं अंग आखडून खाली पडायची. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढून समजावलं: जखम भरलीये, पण तिथे व्रण राहिलाय, आणि तिथून अधूनमधून ठिणगी उडते. मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "लाँग टर्म." मी गणिताची बाई, मला आकडा हवा होता. मी तीनदा विचारलं. आकडा त्यांच्याकडे नव्हता, आणि त्यांनी खोटा दिला नाही, याबद्दल आज मी त्यांची आभारी आहे. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात खूप बोलून घेतलं.

औषधं आली. एक, मग दोन. झटके कमी झाले, गेले नाहीत. एका औषधाने ती पेंगायची, दुसऱ्याने चिडायची. आणि स्मरणशक्तीला भोकं पडली होती. काल शिकलेलं आज कोरं. पाढे म्हणजे आमच्या घरातलं रणांगण. सातचा पाढा तिला मी निदान चाळीस वेळा नव्याने शिकवला असेन, आणि एकेचाळिसाव्या वेळी माझा आवाज चढल्याशिवाय राहिला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते आहे.

आता माझी मोठी चूक सांगते. बाहेर कुणी विचारलं तर मी सांगायचे, "सईला मायग्रेन आहे." शाळेला खरं ठाऊक होतं, ते सांगावंच लागतं. पण आपल्या लोकांत, म्हणजे आसपासच्या गावांतून सणावाराला जमणाऱ्या चाळीसेक मराठी घरांत, मायग्रेन. नागपूरहून आईने फोनवर बजावलं होतं, "कोनाले सांगजो नोको माय. पोरीची जात हाय." पण आईच्या गळ्यात कशाला घालू? तिने सांगितलं नसतं तरी मी लपवलंच असतं. मला लोकांच्या डोळ्यांत ती 'अरेरे' बघायची नव्हती. अकरा वर्षं मी हे मायग्रेन इतकं नीट सांभाळलं की अंधाऱ्या खोलीची आणि उजेडाच्या त्रासाची वर्णनंसुद्धा मला तोंडपाठ झाली होती.

मग त्या वर्षीची संक्रांत आली. गावातल्या क्लबचा हॉल घेऊन हळदीकुंकू आणि तिळगूळ ठेवला होता. सई बारावीत होती, माझीच जुनी काळी साडी नेसली होती आणि वाटीने तिळगूळ वाटत होती. वाटी हातातून सुटली. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून पोचेपर्यंत लोकांनी तिच्याभोवती कडं केलं होतं, आणि मी जे बघितलं ते आयुष्यभर विसरणार नाही. मंदार, आमच्यातला सगळ्यात हुशार इंजिनियर, ज्याच्या हाताखाली तीन देशांतली माणसं काम करतात, तो गुडघ्यावर बसून आपल्या पायातला थंडीतला बूट काढून सईच्या नाकाला लावत होता. मागून कुणीतरी ओरडत होतं, "कांदा! कांदा आहे का किचनमध्ये?" आणि एक बाई तिच्या दातांत चमचा घालायच्या खटपटीत होती. मी चमचा हिसकावून घेतला, बूट भिरकावला. मंदारचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्या आजोळी असंच करायचे, एवढंच त्याला माहीत होतं. घाबरलेल्या माणसाच्या हातून शिकलेलं निसटतं आणि बघितलेलं वर येतं.

परतताना गाडीत मी मंदारचा उद्धार करत होते. क्लाऊड सांभाळतो म्हणे, अक्कल कुठे ठेवली होती, वगैरे. सई मागच्या सीटवर पडली होती. सईला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती आयरिश हेलाच्या इंग्रजीत देते; इथे तिचं बोलणं मी बहुतेक मराठीत आणून लिहितेय. मध्येच ती म्हणाली, "त्याला कसं कळणार, मॅम? तू मायग्रेन सांगितलंयस." आईला इथे मॅम म्हणतात. अजितने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला. मंदारचा उद्धार तिथेच थांबला. 

फेब्रुवारीत सई अठराची झाली. दुसऱ्याच आठवड्यात तिने दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, परीक्षेला ती सगळ्यांबरोबर मोठ्या हॉलमध्ये बसणार नाही. वेगळी खोली, मधे थांबायची सोय, आणि थांबलेला वेळ पुढे भरून मिळणार. मी हा अर्ज शरदातच नाकारला होता. मिस केलींना, म्हणजे असल्या मुलांचं बघणाऱ्या शाळेतल्या बाईंना, मी ताठ मानेने सांगितलं होतं की माझी मुलगी सगळ्यांसारखी सगळ्यांत बसेल. सई म्हणाली, "झटक्यातून बाहेर येते तेव्हा मला समोर एक चेहरा हवा. नव्वद नकोत." मी म्हटलं, अगं पण लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "अर्जावर आता माझी सही चालते." आणि सही करून मोकळी झाली. मिस केलींनी धावपळ करून उशिरा का होईना, तो अर्ज पार केला.

दुसरी गोष्ट त्याहून भारी होती. पाडव्याच्या कार्यक्रमात तिला पाच मिनिटं हवी होती, स्टेजवर, माईकसकट. मी तीन दिवस भांडले. शेवटचं हत्यार म्हणून लग्नाचं काढलं. तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "ज्याला हे चालणार नाही तो मला लवकर कळलेला बरा ना?"

पाडव्याला गाणी सुरू व्हायच्या आधी ती स्टेजवर गेली. जीन्स, वर कुर्ता. आणि मराठीत बोलली! कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून आणलं होतं. "नमस्कार. मी सई. मला मायग्रेन नाही. मला एपिलेप्सी आहे. मी सहा वर्षांची होती तेव्हा माझ्या मेंदूला सूज आली. सूज गेली, हे राहिलं. हे कुणाला लागत नाही. म्हणजे, तुम्हाला माझ्यापासून होणार नाही." मग तिने मंदारलाच वर बोलावलं आणि आडवं व्हायला सांगितलं. तो बिचारा निमूट झोपला. "मी पडली तर पहिलं घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. मला धरून ठेवू नका. हलणं थांबलं की कुशीवर वळवा, असं." मंदारला तिने कुशीवर वळवलं. "तोंडात काहीच घालायचं नाही. पाच मिनिटं झाली तर ॲम्ब्युलन्स. आणि बूट," ती थांबली, "बूट पायातच ठेवा." हॉल खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने जमिनीवर पडलेला मंदार हसला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मला तिचा अभिमान वाटला, आणि माझी स्वतःची इतकी लाज वाटली की कुणाकडे बघवेना. दोन्ही एकाच वेळी.

नंतर हॉलच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या वाट्या भरताना एक बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बारा वर्षांची ओळख. हळूच म्हणाली, "माझ्या भावाला आहे. साताऱ्याला असतो. आम्ही अजून कुणाला बोललो नाही." एवढं बोलून ती परत वाट्या भरायला लागली. मीही भरत राहिले. बारा वर्षं आम्ही दोघी या स्वयंपाकघरात एकमेकींना मसाल्यांची प्रमाणं सांगत होतो.

आणि मग जून आला. ऊन आलं.

इथल्या जूनमध्ये पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं आणि रात्री साडेदहापर्यंत उजेड हटत नाही. नागपूरच्या परीक्षार्थीला स्वर्ग. पण सईच्या बाबतीत झोप हेच अर्धं औषध. झोप मोडली की झटका आलाच म्हणून समजा. तिला रोज नऊ तास झोपायचं होतं. बारावीच्या परीक्षेत! मी तिच्या खिडकीला जाड काळं कापड दुहेरी शिवून लावलं. आणि स्वतः मात्र सवयीने पाचला उठून बसायचे. स्वयंपाकघरात ऊन आलेलं असायचं, पाखरं कलकलत असायची, माझ्या हातात तिचा अभ्यासक्रम आणि राहिलेल्या धड्यांची यादी. पाय आपसूक तिच्या खोलीकडे वळायचे. हात दाराच्या मुठीपर्यंत जायचा. एक तास लवकर उठवलं तर त्रिकोणमिती होईल. मग मी तिथूनच परत फिरायचे आणि कणीक मळायला घ्यायचे. त्या जूनमध्ये आम्ही दहा दिवस पराठे खाल्ले.

पाठांतर तिच्या कामाचं नाही हे मला कळायला दहा वर्षं लागली, तिला फार आधी कळलं होतं. सूत्रांचं पुस्तक इथे परीक्षेत हातात मिळतं, पण कुठलं सूत्र कुठे लावायचं ते कोण सांगणार? सईला ते आठवायचं नाही. म्हणून ती दर वेळी मुळापासून विचार करायची. वर्तुळ दिसलं की वर्तुळ म्हणजे काय, तिथून सुरुवात. माझ्या ग्राइंड्सच्या पोरी दोन ओळींत सोडवायच्या तिथे सईला पान लागायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, कालच तर केलं हे!" ती शांतपणे म्हणाली, "काल केलं होतं, ग्रँड. आज परत करते." ग्रँड म्हणजे इथे 'ठीक आहे, हरकत नाही'. मी नऊ वर्षं क्लासमध्ये आणि नऊ वर्षं जेवणाच्या टेबलावर गणित शिकवलं, पण रोज कोऱ्या पाटीवरून सुरुवात करून पुन्हा तिथेच पोचणारी दुसरी विद्यार्थिनी मला मिळालेली नाही. ती माझ्या पोटची आहे म्हणून सांगत नाही. बरं, म्हणूनही सांगते.

निकाल आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ती पास झाली. आज गॉलवेला लहान मुलांच्या शिक्षणाचा कोर्स करतेय, तीन मैत्रिणींबरोबर राहते. झटके अजून येतात, म्हणून गाडी चालवता येत नाही; आगगाडीने येते-जाते. गणितात बेताची श्रेणी मिळाली. नागपूरच्या एका मावशीने फोनवर "एवढेच?" असं विचारलं तेव्हा मी फोनच ठेवून दिला. का ठेवला ते गणिताच्या दुसऱ्या पेपरच्या सोमवारी ती तिथे असती तर तिला कळलं असतं.

खरं म्हणजे मार्कांची चिंता मला त्या जूनमध्ये फारशी नव्हतीच. बारा वर्षं मी तिच्या दोन पावलं मागे चालले होते, पडली तर झेलायला. डॉक्टरांना उत्तरं मी द्यायचे, गोळ्यांच्या वेळा मी सांगायचे. झटक्यानंतर तिचे शब्द परत यायला वेळ लागतो, कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. तेवढा वेळ तिच्या वतीने मीच बोलायचे. सप्टेंबरात ती घर सोडून जाणार होती. माझ्याशिवाय ती आपलं आपण निभावेल का, आणि मी तिला निभावू देईन का, एवढाच प्रश्न होता. तो कुठल्याच पेपरात नव्हता.

पहिल्या दिवशी मी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. बर्नीने चर्चमध्ये मेणबत्ती लावून आल्याचं कुंपणावरून कळवलं आणि दहीसाखर काय असते ते विचारून स्वतःचाही हात पुढे केला. सईला दिलेली खोली शाळेच्या मागच्या बाजूला होती, एक टेबल, एक घड्याळ आणि पर्यवेक्षक म्हणून मिस्टर फ्लिन नावाचे उंच, निवृत्त मास्तर. सईने त्यांच्या हातात स्वतःच्या अक्षरातला अर्धा कागद दिला: मला झटका आला तर असा दिसतो, हे करा, हे करू नका. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि छातीच्या खिशात ठेवला. मी बरोबर आणलेली माहितीपत्रकांची जाड फाईल पर्समध्येच राहिली.

इंग्रजी झालं. शुक्रवारी गणिताचा पहिला पेपर झाला, बरा गेला. सोमवारी सकाळी दुसरा. तिला सोडताना ती म्हणाली, "आता घरी जा. प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं आणि गाडी काढून शाळेच्या आवारातच चेस्टनटच्या झाडाखाली नेऊन लावली. काचा खाली. समोरच्या मैदानावर यंत्राने गवत कापत होते. गाडीत तापत मी दीड तास बसले.

फोन वाजला. मिस केली. "सईला झटका आलाय, ती ठीक आहे, पण तुम्ही येऊ शकाल का?" मी पाऊण मिनिटात दारात. मिस केलींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही काय इथे प्रेसमध्ये लपला होतात?" कपाटाला इथे प्रेस म्हणतात. एरवी मी हसले असते.

खोलीत सई जमिनीवर कुशीवर होती. डोक्याखाली मिस्टर फ्लिनचा कोट, घडी घालून. टेबलावर अर्धी लिहिलेली उत्तरपत्रिका, पेन तिच्यावर आडवं. मिस्टर फ्लिन तिच्या शेजारी खाली बसले होते. "एक मिनिट पन्नास सेकंद," ते म्हणाले. "पेपरची वेळ मी थांबवून ठेवलीये." कागदावर होतं तसंच सगळं त्यांनी केलं होतं. करायला काही शिल्लकच नव्हतं. मग ते उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय करूया? इथेच थांबलो तरी कुणी नावं ठेवणार नाही. किंवा विश्रांती घेऊन तिला पुढे लिहिता येईल. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. घरी नेते. पुरे झालं. बारा वर्षं ते वाक्य तयारच असायचं. मी सईकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते. ती मला बघत होती की नाही सांगता येत नव्हतं, पण तिची नजर भिंतीवर, घड्याळापाशी जायला धडपडत होती.

"तिलाच विचारा," मी म्हणाले. "फक्त तिला वेळ द्या. शब्द यायला वेळ लागतो."

मिस्टर फ्लिन परत खाली बसले. त्यांनी तिला विचारलं, सावकाश, एकदाच. आणि थांबले.  बाहेर गवत कापायच्या यंत्राचा आवाज जवळ आला, लांब गेला, परत जवळ आला. सईचे ओठ हलले, शब्द आला नाही. मला उत्तर येत होतं. आयुष्यात इतकं सोपं उत्तर मला कधी आलं नव्हतं, आणि ते तोंडात धरून मी उभी होते. माझ्याच डाव्या हाताने माझं उजवं मनगट घट्ट धरलं होतं. पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही नाही. मिस केलींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. थांबा.

सईने भिंतीला हात लावला आणि उठून बसली. केस तोंडावर आले होते. ते मागे करायला माझा हात पुढे गेला आणि मी तो परत घेतला. तिने ते स्वतःच मागे केले.

"टाइम?" ती म्हणाली.

"सगळा शिल्लक आहे," मिस्टर फ्लिन म्हणाले. "पाहिजे तेवढी विश्रांती घे, मग घड्याळ सुरू करू."

"ग्रँड," सई म्हणाली. मग तिने मान वळवून मला शोधलं. आता ती मला बघत होती, नक्की. आणि माझ्या इंग्रजी बोलणाऱ्या लेकीने मराठीत, एकेक शब्द उचलून आणावा तशी, मला सांगितलं, "आई. तू. जा."

मी गेले. दार मीच बाहेरून ओढून घेतलं. मग गाडीत बसले, ती सुरू केली, आणि खरंच घरी गेले.